विहीर क्रमांक एकशे सतरा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या त्या कार्यालयात कॉम्प्युटरच्या खोलीत जायचं तर चपला दाराबाहेर काढाव्या लागत. धूळ आत जाऊ नये म्हणून साहेबांनी नियम केला होता, पण नत्थू चपराशी आत पाऊल टाकताना हातही जोडायचा. दसऱ्याला मशीनला झेंडूचा हार पडे आणि पडद्याच्या वर कुंकवाचं बोट. एवढ्या देवस्थानाचा पुजारी म्हणजे चंद्रभान भोयर, वय बत्तीस, पद कनिष्ठ लिपिक, मुक्काम हुडकेश्वर, घरी एकटी आई. मशीनला काय हवंय आणि ते कशावर रुसलं आहे, हे अख्ख्या कार्यालयात त्याला एकट्याला कळत असे.

कार्यालयाचं काम विहिरी मोजायचं. जिल्ह्यातल्या सहाशे बारा विहिरींचं पाणी काठापासून किती मीटर खाली आहे, ते दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी नोंदवायचं. मोजणारे गावातलेच असत. कुठं शाळामास्तर, कुठं कोतवाल, कुठं चार इयत्ता शिकलेला एखादा शेतकरी. पोलादी टेपच्या टोकाला खडू घासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर ओढायची आणि खडू किती भिजला ते पाहायचं, एवढीच विद्या. पंचवीस तारखेला कार्यालयातून प्रत्येकाला जोडकार्ड जाई. एका अर्ध्यावर आठवण छापलेली, दुसरा अर्धा फाडून त्यावर आकडा लिहून परत धाडायचा.

अठ्ठ्याऐंशी सालच्या मे महिन्यात नवीन मशीन आलं आणि त्याच्यासोबत यादी ठेवायच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि मग कळलं की नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीची फाइल उघडायलाच तयार नाही. दोघी एकाच घरच्या, पण सासू-सुनेसारखं बोलणं बंद. विकणाऱ्यानं एक फाइल बदलून देणारा प्रोग्राम फ्लॉपीवर दिला होता, तोही अर्ध्यावर येऊन अडून बसे. महादेवराव साहेब दर तासाला दाराशी येऊन विचारत, "झालं का भोयर?"

शेवटी चंद्रभाननं स्वतःच एक छोटा प्रोग्राम लिहिला. जुन्या फाइलमधली पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक नोंद उचलायची, साध्या मजकुरात ओतायची, वायरीनं नव्या मशीनवर न्यायची आणि तिथं नव्या फाइलमध्ये भरायची. दोन दिवस मशीन गुरगुरत राहिलं. तिसऱ्या दिवशी दुपारी, बाहेर सेहेचाळीस डिग्री आणि आत थंडगार, पडद्यावर आकडा उमटला: सहाशे पंचावन्न.

विहिरी सहाशे बारा होत्या. वरच्या त्रेचाळीस कुठून आल्या, हे दुसऱ्या कुणालाही शोधायला आठवडा लागला असता. चंद्रभानला क्षणही लागला नाही.

त्याचं असं होतं. जुन्या आवृत्तीत एखादी नोंद काढून टाका म्हटलं की मशीन ती पुसत नसे. नोंदीच्या पुढं फक्त एक चांदणी लावून ठेवी, आणि चांदणीवाल्या नोंदी यादीत येणार नाहीत एवढं पाही. खरोखर पुसायचं तर आणखी एक आज्ञा द्यावी लागे. ती दिली की फाइल आवळून घट्ट व्हायची, आणि गेलेली नोंद ब्रह्मदेव आला तरी परत यायची नाही. चंद्रभाननं चार वर्षांपूर्वी त्रेचाळीस विहिरींना चांदण्या लावल्या होत्या. दुसरी आज्ञा त्यानं कधीच दिली नव्हती. साध्या मजकुरात चांदणीला जागाच नसते, त्यामुळे चांदण्या जुन्या मशीनवरच राहिल्या आणि त्रेचाळीस विहिरी जिवंत होऊन इकडे आल्या.

त्या सगळ्या धरणात बुडालेल्या गावांच्या विहिरी होत्या. त्यातली एकशे सतरा नंबरची बोरडोहची. निरीक्षकाचं नाव देवराव भोयर. चंद्रभानचे बाबूजी.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात बोरडोह उठलं. माणसं, गुरं, दारं-चौकटी ट्रकमध्ये भरून पुनर्वसनाच्या वसाहतीत गेली. बोरडोहची विहीर टेकाडावर होती, पाणी तिथं सगळ्यात शेवटी पोचणार होतं, म्हणून देवराव दर महिनाअखेरीला बारा मैल सायकल हाणत रिकाम्या गावात जात आणि विहीर मोजून येत. जुलैत साहेबांनी चंद्रभानला सांगितलं, बुडीत विहिरी यादीतून काढा. त्यानं "झालं साहेब" म्हणून सांगितलं आणि केलं नाही. कारण काही मोठं नव्हतं. यादीची फ्लॉपी कपाटात होती, कपाटाची किल्ली नत्थूकडं, आणि नत्थू चहाला गेला होता. उद्या करू म्हणत महिना गेला. पंचवीस ऑगस्टला मशीननं इमानदारीनं सगळ्यांचे पत्ते छापले, त्यात बाबूजींचाही. पोस्टमननं बोरडोहचं कार्ड वसाहतीत आणून दिलं. धरण भरत आलं होतं, सगळे नको म्हणत होते. पण सरकारी कार्ड आलं म्हणजे मोजायलाच हवं, असं देवरावांचं साधं गणित. एकतीस तारखेला ते गेले. सायकल टेकाडाच्या उतारावर पळसाला टेकलेली सापडली. माणूस सापडला नाही.

एक सप्टेंबरला चंद्रभाननं त्रेचाळीस चांदण्या लावल्या. कार्ड आपल्या हातून गेलं, हे त्यानं कुणाला म्हणून सांगितलं नाही. माय, म्हणजे पार्वतीबाई, त्याच्याकडं हुडकेश्वरला राहायला आली. तिनं कुंकू पुसलं नाही आणि तेरावंही करू दिलं नाही. "मढं पाह्यलं का कोनं?" असं विचारून ती सगळ्यांना गप्प करी. चंद्रभानच्या लग्नाचा विषय निघाला की म्हणे, बाप आल्याबिगर पाटावर कसा बसशील. चार वर्षं त्या घरात दोन माणसं तिसऱ्याची वाट पाहत जगत होती, आणि तो का येत नाही हे दोघांपैकी एकाला चांगलं ठाऊक होतं.

तर पडद्यावर सहाशे पंचावन्न. चंद्रभाननं बेचाळीस नोंदी सहज काढल्या असत्या. पण एकशे सतराव्या नोंदीशी येऊन बोट थांबलं. बाबूजींचं नाव समोर धडधडीत उजेडात होतं. त्याच्यानं ती कळ दाबवेना, आणि एक ठेवायची तर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय, म्हणून त्यानं सगळ्याच ठेवल्या. साहेबांनी विचारलं तेव्हा "जुन्यातल्या काही आल्या साहेब, तपासतो," म्हणाला. पंचवीस मेला पत्ते छापताना तो दाताच्या दुखण्यानं रजेवर होता. नत्थूनं पत्त्यांच्या चिकटपट्ट्या लावून सगळी कार्डं टपालात टाकली. सहाशे पंचावन्न.

जूनच्या पहिल्या आठवड्यात बेचाळीस कार्डं परत आली. पोस्टानं लाल शाईत शेरा मारला होता, गाव बुडीत. चंद्रभाननं ती दोनदा मोजली. त्रेचाळिसावं दुसऱ्या दिवशी आलं, रोजच्या टपालात, इतर आकड्यांसोबत. ते परत आलेलं नव्हतं. उत्तर होतं.

"सा. न. वि. वि. विहीर क्र. ११७, बोरडोह. दि. ३१ मे. पाणी काठाखाली ६.४० मीटर. आपला आज्ञाधारक, देवराव भोयर, निरीक्षक."

जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीनं लिहिलेलं. ती पेन्सिल बाबूजी जिभेवर ओली करून लिहीत. मुलगा त्याच कार्यालयात असूनही ते आयुष्यभर "आज्ञाधारक" लिहीत आले. चंद्रभाननं कार्ड पालथं केलं. आपलंच होतं, नव्या मशीननं छापलेला पत्ता चिकटवलेलं. कुणीतरी चेष्टा करतंय असं त्यानं स्वतःला बजावलं, आणि कार्ड खणात टाकायला गेला तर बोटांना पांढरं लागलं. खडू होता. कार्ड ओलसर होतं. पंख्याखाली ठेवलं, मशीनच्या गरम डोक्यावर ठेवलं, संध्याकाळपर्यंत सुकलं नाही.

"टपालात भिजलं असल गा," नत्थू म्हणाला.

"नत्थू, पाऊस कुठं हाय?"

नत्थूनं खिडकीबाहेर पाहिलं. अंगणातली माती उन्हानं पांढरी पडली होती. त्या दिवसापासून ओलं कार्ड असलं की तो ते हातात न देता टेबलावर ताट सरकवावं तसं सरकवू लागला.

जूनचं कार्ड पाठवायचं नाही असं चंद्रभाननं ठरवलं होतं. चोवीस तारखेपर्यंत ठाम होता. पंचवीसला त्यानं पाठवलं. कुणीतरी दाराशी उभं आहे आणि आपण आत श्वास रोखून बसलो आहोत, असं त्याला वाटत राहिलं होतं. ते सहन झालं नाही. उत्तर आलं: पाणी काठाखाली ३.१०. जुलैचं आलं: ०.९०. जांभळी अक्षरं पसरलेली, कार्डाचा कोपरा मऊ पडलेला.

मग त्यानं तळमजल्यावरच्या कपाटातून चौऱ्याऐंशीचा गठ्ठा काढला. धुळीनं शिंकत त्यानं बोरडोहची जुनी कार्डं शोधली. मे, ६.४०. जून, ३.१०. जुलै, ०.९०. नंतरचं कार्ड नव्हतं.

चंद्रभान तिथंच जमिनीवर बसला. आता सगळं सरळ दिसत होतं. बाबूजी तेच तीन महिने पुन्हा मोजत होते. चौथा महिना यायचा होता. पंचवीस ऑगस्टला इथून कार्ड निघणार आणि एकतीसला ते पुन्हा त्या टेकाडावर जाणार, गुडघाभर पाण्यातून, हातात टेप, खिशात खडू.

ते आठ-दहा दिवस तो माणसात नव्हता. सायकलवरून सक्करदऱ्याला वळायचं तिथं सरळ जायचा, जेवताना पोळी हातात धरून बसायचा. कार्डच पाठवलं नाही तर? तर ते जाणार नाहीत. पण मग ते काठाशी बसून कार्डाची वाट पाहतील, कारण न सांगता काम सोडणं बाबूजींच्या स्वभावात नव्हतं. नोंद कायमची पुसली तर? तेव्हा त्यांना पाण्यात धाडलं, आता नावानिशी पुसायचं. चंद्रभानला स्वतःची किळस आली. चार वर्षांपूर्वी एका आळशी दुपारी जे करायला हवं होतं, ते एकच काम उरलं होतं. कार्यालयानं निरीक्षकाला कळवायचं.

पंचवीस ऑगस्टला एकशे सतराचं कार्ड त्यानं गठ्ठ्यातून बाजूला काढलं. छापील आठवणीवर आडवी रेघ मारली आणि खाली हातानं लिहिलं, "बाबूजी, ही विहीर यादीतून काढली आहे. मोजायला जायचं नाही. जुलैतच कळवायला पाहिजे होतं, ती चूक माझी. घरी या. चंद्रभान."

ते त्यानं नत्थूकडं दिलं नाही. कचेरीबाहेरच्या लाल पेटीत स्वतः टाकलं आणि पेटीत पडल्याचा आवाज ऐकूनच हात मागं घेतला.

एकतीस तारखेला नागपुरात दिवसभर पाऊस कोसळला. चंद्रभान खुर्चीवरून उठला नाही. साहेब दाराशी येऊन काहीतरी विचारून गेले, त्यानं काय उत्तर दिलं त्याला आठवत नाही.

तीन सप्टेंबरला कार्ड आलं. नेहमीपेक्षा ओलं, उचलताना पाणी मनगटापर्यंत ओघळलं. आकड्याची जागा कोरी होती. बाबूजींनी सोळा वर्षांत ती जागा कधी कोरी सोडली नव्हती. खाली जांभळ्या, फुटलेल्या अक्षरांत लिहिलं होतं:

"कार्ड भेटलं. मोजलं नाही. खडू खिशातच हाय. निघालो. पण घर कोनतं थे तू लिवलं नाही. आपलं घर तं पान्यात हाय. पत्ता धाडजो. तुझा बाप."

आज्ञाधारक नव्हतं. निरीक्षक नव्हतं. चंद्रभाननं तोंडावर हात दाबला आणि त्या थंडगार खोलीत, अनवाणी पायांनी, तो लहान पोरासारखा रडला.

मग डोळे पुसून त्यानं नवी फाइल उघडली आणि एकशे सतरावी नोंद पडद्यावर आणली. पत्त्याच्या रकान्यात अजून बोरडोहच होतं. दुसरं काय असणार, त्यानं जुनं जसंच्या तसं उचलून इकडे आणलं होतं. त्यानं ते खोडलं. जुन्या आवृत्तीत पत्त्याला वीस अक्षरांची जागा होती, नवीत साठ. इंग्रजी अक्षरांत त्यानं सावकाश टंकलं: हुडकेश्वर, मारुतीच्या देवळामागे, निंबाच्या झाडाचं घर. बाबूजींनी ते घर कधी पाहिलं नव्हतं. पट्टी छापली, कार्डाला लावली, पेटीत टाकली.

संध्याकाळी सायकल हाणत घरी जाताना त्याच्या मनात एकच गोष्ट होती. ते पोचायच्या आत मायला सांगायला हवं. त्यांच्या तोंडून तिला कळावं, असं त्याला नको होतं.

पार्वतीबाई ओसरीवर बसून कापसाच्या वाती वळत होती. चंद्रभान पाय न धुताच तिच्यासमोर बसला.

"माय, बाबूजीले थे कार्ड म्या धाडलं होतं."

तिचे हात थांबले.

"साहेबानं जुलैतच विहीर काढाले सांगतली होती. म्या काढली नाई. झालं म्हून खोटं बोललो. कार्ड गेलं, म्हून थे गेले." एकदा बांध फुटल्यावर त्यानं सगळं सांगून टाकलं, चांदण्या, नवं मशीन, ओली कार्डं, आजचा पत्ता. खिशातून चारी कार्डं काढून तिच्या पुढ्यात ठेवली. तिला वाचता येत नव्हतं, पण तिनं जांभळ्या अक्षरांवरून बोट फिरवलं, आणि बोटाचं टोक पांढरं झालं तसं ते पाहत राहिली.

चंद्रभानला वाटलं, आता ही उठून आत जाईल आणि माझ्याशी पुन्हा कधी बोलणार नाही.

"चार सालं तू हे एकटाच घेऊन बसला होता?" ती म्हणाली. "मले काहून नाई सांगतलं गा? म्या सोतालेच कोसत राहिलो. थो निघाला तवा म्याच त्याले भाकर बांधून देल्ली होती. जाऊ नका म्हून हात नाई धरला."

तिनं वाती गोळा करून सुपात ठेवल्या आणि गुडघ्यावर हात टेकत उठली. "आंगनात बालटी भरून ठेवतो. लांबून येऊन राहिला थो, पाय धुवाले पानी लागन."

पत्ता आजच टाकलाय, इतक्यात कसे येतील, असं चंद्रभान म्हणणार होता. पण उठून त्यानं पोहरा तिच्या हाती दिला. विहिरीचं पाणी काढून तिनं पितळी बादली काठोकाठ भरली आणि निंबाखाली ठेवली. शेजारी धुतलेलं धोतर.

सकाळी तो उठला तेव्हा उजाडलं होतं. पाऊस रात्रीत पडला नव्हता. अंगण कोरडं होतं, फक्त निंबाखालची माती भिजलेली. बादलीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं आणि वर खडूची पांढरी साय तरंगत होती. ओलं धोतर पिळून दगडावर वाळत घातलेलं, तसं बाबूजीच घालत, एक टोक दगडाखाली दाबून.

माय बादलीजवळ बसली होती. तिनं नुकतंच तोंड धुतलं होतं. कपाळावर काही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा ती चंद्रभानला म्हातारी दिसली, आणि थकलेली, आणि शांत.

"येऊन गेला," ती म्हणाली. "आता त्याले कार्ड नोको धाडू. लय चालला थो."

चंद्रभान त्या दिवशी वेळेआधी कचेरीत गेला. दाराबाहेर चपला काढल्या. नोंद काढायची रीत नव्या आवृत्तीतही तीच होती. त्रेचाळीस विहिरींना एकेक करून चांदणी लावली, एकशे सतरा सगळ्यात शेवटी, आणि मग ती दुसरी आज्ञा दिली. मशीन थोडा वेळ गुरगुरलं. पडद्यावर आकडा आला, सहाशे बारा.

"काय भोयर," साहेबांनी दारातून विचारलं, "त्या बुडीत विहिरी काढल्या का शेवटी?"

"झालं साहेब," चंद्रभान म्हणाला, आणि या वेळी ते खरं होतं.